पानाआडचा वाटाणा

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या आई साताऱ्याहून तिच्याकडे आल्या होत्या. एका रविवारी दोघी आमच्याकडे आल्या. पोहे झाले, चहा झाला, तिकडच्या पावसाची चौकशी झाली आणि मग काकू घर बघायला उठल्या. बैठकीच्या कोपऱ्यात चार फूट उंचीचा बारीक जाळीचा पिंजरा आहे, तिथं त्या थबकल्या. आत जास्वंद, शेफ्लेरा, वरून खाली लोंबणारा मनी प्लांट, मध्ये आडव्यातिडव्या फांद्या. नुकतीच पाण्याची फवारणी होऊन गेली होती आणि पानांच्या टोकांवर थेंब अडकलेले होते. काकूंनी चष्मा सारखा करून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, कमरेवर हात ठेवून वाकून पाहिलं. "अगं, सरडा कुठाय यात?" आतच आहे म्हटलं, पण त्या क्षणी मलाही तो दिसत नव्हता. त्यावर अगदी सरळ मनानं त्या म्हणाल्या, "दिसतच नाही तर पाळायचा कशाला?"

मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. त्या गेल्यावर कप विसळताना, नंतर गाडी चालवताना, रात्री पिंजऱ्यातले दिवे मालवल्यावरही तो प्रश्न डोक्यात होता.

आमच्याकडचा शॅमेलियन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, मूळचा येमेनच्या जातीचा. डोक्यावर उंच शेंडी, बाजूनं पाहिलं तर अंग चपटं, हिरव्यावर पिवळे आणि निळसर पट्टे. घरी आला तेव्हा इतका लहान आणि इतका हिरवा होता, की लेकीनं त्याचं नाव वाटाणा ठेवलं. तो यायच्या आधी कितीतरी महिने ती त्याच्याविषयी वाचत होती आणि तिची एकच अट होती. झाडं आधी, तो नंतर. आम्हाला वाटायचं, पिंजरा येईल, प्राणी येईल, मग शोभेला दोन कुंड्या ठेवू. ती म्हणायची, शोभेला नाही, झाड हेच त्याचं घर आहे, पिंजरा फक्त घराची भिंत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून असं वाक्य आलं की आईबाप गप्प होतात.

नर्सरीतलं रोप आणून थेट आत ठेवता येत नाही, हे मला तिच्याकडून कळलं. पानं चकचकीत दिसावीत म्हणून त्यांच्यावर काहीबाही मारलेलं असतं. ते धुऊन निघतं. पण इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं मुळांतून शोषली जाऊन पानापानात भिनतात, ती धुतल्यानं जात नाहीत. त्याला वेळच द्यावा लागतो. म्हणून तिनं प्रत्येक रोपाची कुंडीतली माती मुळांपासून सोडवली, त्यातले खताचे रंगीत मणी आणि पर्लाइटचे पांढरे कण वेचून काढले, बिनखताची साधी माती भरली आणि रोपं कित्येक आठवडे खिडकीत ठेवून दिली. मातीवर गोटे मांडले, तेही त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. कारण किडा मातीवर उतरला तर शॅमेलियनची जीभ तिथंच जाते, आणि चिकट जिभेला किड्याबरोबर जे लागेल ते पोटात जातं. येमेनी शॅमेलियन तर किड्यांखेरीज पानंही खातो. म्हणूनच या जातीला प्लास्टिकच्या वेली धोक्याच्या. दिसायला पान दिसलं की तो त्याचा लचका तोडून पाहतो, आणि प्लास्टिकचा तुकडा आतड्यात अडकून बसतो.

मनी प्लांट मात्र विकत आणावा लागला नाही. लग्न करून मी अमेरिकेत आले त्या वर्षी एका मराठी कुटुंबानं त्यांच्या वेलाचा एक तुकडा काचेच्या बरणीत घालून दिला होता. तो आमच्या तीन घरांतून, ओट्याच्या कडेला, त्याच बरणीत वाढत राहिला. औषध नाही, खत नाही, नुसतं नळाचं पाणी. लेकीला हवं होतं तसं निर्धोक रोप घरातच होतं. त्याच्या पेरांपासून तोडलेले तुकडे आता पिंजऱ्यात छतापर्यंत पोचले आहेत. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोऑरेआ नावाच्या बेटावरचा. त्याला आपोआप फुलं जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बीही नाही. जगभरातल्या खिडक्यांत जो दिसतो तो कुणीतरी कुणाला तरी दिलेल्या तुकड्यांतून पसरलेला. हे वाचलं तेव्हा ती बरणी देणाऱ्या वहिनींना मी फोन केला होता. मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, म्हणून कुत्र्यामांजरांच्या घरात तो जपून ठेवायला सांगतात. शॅमेलियन पाळणारे मात्र वर्षानुवर्षं तोच लावत आले आहेत, त्याची पानं कुरतडूनही हे प्राणी ठणठणीत राहिल्याचा त्यांचा अनुभव आहे. कण्हेरीला मात्र थारा नाही. ते वेगळं सांगायला नको, आपल्याकडं लहान पोरालाही कण्हेर चावू नये हे माहीत असतं.

झाडं कशासाठी, हे मला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळलं ते त्याला पाणी पिताना पाहून. शॅमेलियनला वाटीतलं पाणी सहसा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानावर जमलेला थेंब त्याला दिसतो, हलतो, चमकतो, तो प्यायचा असतो. पहाटे दिवे लागायच्या आधी पंप सुरू होतो, बारीक तुषार उडतात आणि पानं ओली होतात. मग उजेड येतो. वाटाणा रात्रीच्या जागेवरून हलायच्या आधी फक्त डोळे फिरवतो, एक वर, एक मागे, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना. नंतर एक डोळा जास्वंदीच्या पानावर थांबतो. दुसराही तिकडं वळतो. मान पुढं येते, तोंड अलगद उघडतं आणि पानाच्या कडेवरून थेंब आत घेतला जातो. घशाखालची कातडी हलते. परत एक थेंब. यात घाई नसते. एकदा प्यायला लागला की बराच वेळ तेच चालतं, आणि मी चहा गार होईपर्यंत तिथं उभी असते.

शिकागोच्या आसपासचा हिवाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हीटरची हवा माहीत आहे. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. या हवेत उघड्या जाळीच्या पिंजऱ्यातलं पाणी बघता बघता उडून जातं. प्लास्टिकच्या पानावरचा थेंब घरंगळून खाली जातो नाहीतर सुकतो, आणि त्यानंतर त्या पानाकडे देण्यासारखं काही उरत नाही. जिवंत पान मात्र मुळांनी ओढलेलं पाणी दिवसभर हवेत सोडत राहतं. ओली माती तिच्या परीनं भर घालते. पिंजऱ्याच्या आत, दाट पानांच्या मध्ये हात घातला की तिथली हवा बैठकीतल्या हवेपेक्षा वेगळी लागते, हे मी डोळे मिटून सांगू शकते. जानेवारीत शिकागोतल्या गारफील्ड पार्कच्या काचघरात गेलं की नेच्यांच्या दालनाचं दार उघडताच जी हवा तोंडावर येते, तिचाच हा छोटासा अंश. १९०८ साली उघडलेलं ते काचघर आहे. २०११ च्या गारपिटीत त्याची छतं फुटली होती. ती पुन्हा बसवली, झाडं पुन्हा वाढवली. बाहेर बर्फ असताना आत लोक नुसते बाकांवर बसून श्वास घेत असतात.

येमेनच्या पश्चिमेकडच्या डोंगररांगा तांबड्या समुद्राकडून येणारं धुकं अडवतात. दिवसा कोरडं ऊन, रात्री गारवा आणि पहाटे पानांवर दव. वाटाण्याच्या पूर्वजांचं अंग याच चक्रावर घडलेलं. म्हणून आम्हीही दिवसा पिंजरा थोडा कोरडा होऊ देतो आणि रात्री दिवे मालवल्यावर ओल वाढू देतो. हे सगळं नीट जमलं आहे की नाही ते त्याच्या विष्ठेवरून कळतं. तिच्याबरोबर पडणारा युरिक आम्लाचा भाग पांढरा असेल तर पाणी पुरतं आहे. नारिंगी दिसला तर पुरत नाही. लेक रोज सकाळी ते पाहते, मग दप्तर उचलते.

मी घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलियन, पहिल्यांदा पाहिला तो आजोळी. फलटणहून दहिवडीकडं जाताना पाणी कमी होत जातं, ऊस मागं राहतो आणि बोरी, बाभळी, तरवड सुरू होतात. आजोबांच्या रानाच्या बांधावर तरवडाची दाट रांग होती. पिवळ्या फुलांनी भरली की लांबूनच दिसायची. एकदा त्यात बोटभर जाडीची फांदी चालताना दिसली. एक पाऊल पुढं, मग मागंपुढं डुलणं, मग पुन्हा पाऊल. वारा नव्हता, तरी तो वाऱ्यात हलणाऱ्या पानासारखा हलत होता. बरोबरच्या पोरांनी ढेकळं उचलली. घोयरा विषारी असतो, त्यानं फुंकर मारली की माणूस वाळतो, असं काय काय आम्ही ऐकलेलं. तो अंग फुगवून फुसफुसला, तोंडाचा आतला भाग दिसला आणि सगळे मागं पळाले. आजोबा तिथं आले, पोरांच्या हातातली ढेकळं त्यांनी खाली टाकायला लावली आणि म्हणाले, "त्याच्या अंगात विष नाही. तो भ्यालाय." नंतर आम्ही दोघंच थांबलो. तेव्हा मी एक गोष्ट पाहिली जी अजून रोज पाहते. मी जशी बाजूला सरकत गेले, तसा तोही फांदीभोवती सरकत गेला, फांदी कायम माझ्या आणि त्याच्या मध्ये राहील अशी. मला फक्त त्याची बोटं दिसत होती, दोन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, फांदीला घट्ट धरलेली.

शॅमेलियन पाठीमागं जे असेल त्याचा रंग घेतो, असं लहानपणी शाळेतही ऐकलं होतं. तसं नसतं. त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलियनवर काम करून हे दाखवलं. रंग बदलतो तो राग, भीती, मादी, दुसरा नर, ऊन, थंडी यांच्यामुळं. लपण्याचं काम रंगापेक्षा जास्त त्याचं चपटं अंग करतं, त्याची डुलती चाल करते आणि सगळ्यात जास्त पान करतं. पान नसेल तर त्याच्याकडं लपायला जवळपास काही नाही.

एका दुकानात मी असा एक शॅमेलियन पाहिला होता. काचेची पेटी, आत एक काठी, एक दिवा, तळाशी पाण्याची वाटी. तो शंभर टक्के दिसत होता. अंग काळपट तपकिरी झालेलं, डोळे आत गेलेले, आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडं पाठ करून कोपऱ्यात दाबून बसलेला. येणारा जाणारा त्याच्यापुढं थांबून काचेवर बोट आपटत होता. फांदी मध्ये आणायला फांदीच नव्हती. लेकीनं तिथं माझा हात धरला आणि आम्ही काही न घेता बाहेर आलो. काकूंच्या प्रश्नावर मला सुचायला हवं होतं ते उत्तर बहुधा हेच आहे. दिसणारा शॅमेलियन मी पाहिला आहे.

आमच्या पिंजऱ्यात झाडं जशी दाट होत गेली, तसा वाटाणा जास्त दिसायला लागला, हे मला अपेक्षित नव्हतं. सुरुवातीला रोपं लहान होती तेव्हा माणूस जवळ आला की तो आखडायचा, रंग गडद व्हायचा. आता पाठीमागं पानांची भिंत आहे आणि एका ढांगेत तिच्या आड जाता येतं, म्हणून तो उन्हाच्या दिव्याखालच्या फांदीवर निवांत पसरतो. लांब नळीतून येणारा यूव्हीबी, म्हणजे अतिनील, प्रकाश घेतो, ज्याच्याशिवाय त्याच्या अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं मऊ पडतात. मी सोफ्यावर बसून पुस्तक वाचत असले तर तो पुढं येतो. मी उठून जवळ गेले की आड जातो. हा करार त्यानं ठरवला आहे आणि मला तो मान्य आहे. रात्री तो पानांच्या आत न झोपता वेलाच्या पार टोकाला झोपतो, रंग अगदी फिका करून, शेपूट गुंडाळून. सापासारखं काही फांदीवर चढलं तर टोक हलतं आणि झोपलेल्याला जाग येते, म्हणून शॅमेलियन टोकं निवडतात असं मानलं जातं. इलिनॉयमधल्या एका बैठकीत त्याला साप कुठून भेटणार. तरीही टोकच लागतं.

जास्वंद हे त्याचं सगळ्यात आवडतं झाड, आणि त्यावरून घरात एक रीत पडली आहे. आमच्याकडं जास्वंदीच्या दोन कुंड्या आहेत, एक पिंजऱ्यात आणि एक खिडकीशी दुरुस्तीला, कारण पिंजऱ्यातलीची पानं तो अर्धचंद्राच्या आकारात खात सुटतो. पिठ्या ढेकूण लागला तर औषध मारता येत नाही. लेक पानागणिक ओल्या फडक्यानं पुसते. गणपतीत लाल फूल आलं की पहिलं गणपतीला जातं. दुसऱ्या दिवशी ते उतरवून वाटाण्याला. सासूबाईंना हे आधी पटलं नव्हतं, निर्माल्य असं प्राण्याला घालायचं का म्हणून. मग त्या एकदा इथं असताना त्यानं दोन्ही हातांनी फांदी धरून, पाकळ्या एकेक करून, डोळे अर्धवट मिटून फूल खाताना त्यांनी पाहिलं. त्यानंतर पुण्याहून फोनवर त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "वाटाण्याला फूल मिळालं का?"

एवढं असूनही मन पूर्ण निवांत नाही. तो पिंजऱ्यातच अंड्यातून निघाला, त्याचे आईबाप पिंजऱ्यातले, त्यांचेही बहुधा तसेच. येमेनचा डोंगर त्यानं पाहिलेला नाही. त्याला सोडून देणं हा उपाय नाही. फ्लोरिडात सुटलेले किंवा सोडलेले येमेनी शॅमेलियन तिथल्या झुडपांत पसरून बसले आहेत, आणि इथल्या थंडीत तर तो एक रात्रही काढणार नाही. तेव्हा त्याचं जे काही आहे ते या दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच जागेत आहे. उन्हाळ्यात त्याला कुंडीसकट डेकवर नेतो, त्या दिवशी त्याचा हिरवा वेगळाच उजळतो. ते पाहून बरं वाटतं आणि वाईटही वाटतं, कारण आत त्याला काय कमी पडतं आहे ते त्यातूनच कळतं.

काकू येऊन गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी आजोळहून मामेभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तरवडाच्या फांदीवर घोयरा. खाली लिहिलं होतं, "ताई, तुमचा पाहुणा." मी लगेच फोन केला. त्याचा मुलगा शेजारीच होता. त्याला तो खोक्यात घालून ठेवायचा होता. मी सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, पकडणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. मुलगा म्हणाला, "आत्या, मग तुम्ही कसा ठेवलाय?" मी त्याला जसं आहे तसं सांगितलं. आमचा पिंजऱ्यात जन्मला, त्याला दुसरं काही माहीत नाही. तुझा बांधावर जन्मला, त्याला तो सगळा बांध माहीत आहे. तो थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "पण बाबा बांध काढणारेत, मग?"

तेव्हा कळलं की जुनी झुडपं काढून तिथं तारेचं कुंपण घालायचं ठरलं होतं, खांब येऊन पडले होते आणि फोटोतला तरवड शेवटच्या काहींपैकी होता. भाऊ म्हणाला, जनावरं घुसतात, तार हवीच. त्याचं खरं होतं. मग आम्ही बराच वेळ बोललो, आणि मी त्याला वाटाण्याच्या पिंजऱ्यावरून सांगत गेले. एकटं झाड उपयोगाचं नाही, फांदीला फांदी लागली पाहिजे, कारण तो उघड्या जमिनीवरून चालायला नाखूष असतो. पानं दाट हवीत. औषध त्या पट्ट्यावर मारायचं नाही, कारण तो खातो ते किडे तिथंच असतात. आणि थोडी भुसभुशीत जमीन मोकळी हवी, मादी अंडी घालायला खाली उतरून खड्डा करते. भावानं सगळं ऐकून घेतलं. तार घालायची, पण ओढ्याच्या बाजूनं तिच्या आतून हातभर पट्टा नांगरायचा नाही, असं ठरलं. आहे तो तरवड ठेवायचा, त्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करून पावसाच्या तोंडावर तिथंच पेरायचं. मध्ये बोर आणि करवंद. बोरं कुठली लावायची यावर आमचं जरा वाजलं. मला गावठीच हवी होती, त्याला विकता येतील अशी. शेवटी गावठी ठरली, आणि आठळी हलकेच फोडून आतलं बी लावलं तर ते लवकर रुजतं, हे त्यानंच मला सांगितलं.